बाभळीची साल आणि दगडूमामांचा डबा

बीडच्या आमच्या कॉलेजात मला रसायनशास्त्र शिकवायला लागून वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बाटल्यांवरची लेबलं उडाली, पण किस्से काही उडत नाहीत. दोघं जण चहाला बसले की निघालेच! सध्या जोरात आहेत ते सुनंदाच्या पीएचडीचे.

सुनंदा उमापूरची, माझी विद्यार्थिनी. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू गंजू नये म्हणून त्यावर क्रोमचा पिवळा लेप देतात, पण तो विषारी. सुनंदाला बिनविषारी लेप हवा होता आणि तो ती बाभळीच्या सालीपासून करत होती. मुदतीचं शेवटचं वर्ष उरलं होतं. डिग्री हुकली तर कॉलेजातली तासिकेवरची नोकरीही जाणार, या धास्तीने पोरगी अर्धी झाली होती.

*

एकदा ती गावाहून सालीचं पोतं घेऊन निघाली. स्टँडवर हवालदाराने अडवलं. बाभळीची साल म्हटली की आमच्याकडे कुणालाही हातभट्टीच आठवते!

"कुठं गाळता?"

"दारू न्हाई साहेब, ॲल्युमिनियमला लावायचीय. गंजू नये म्हणून."

हवालदार पोत्याकडे बघत राहिला. "मागचा गडी बैलाच्या औषधाला म्हणलता. तुमचं लईच शिकलेलं हाय. जावा!"

*

दगडूमामा आमचे लॅब अटेंडंट. स्वच्छतेचं भारी वेड! सुनंदाने लेप दिलेले पत्र्याचे बारा तुकडे महिनाभर खाऱ्या पाण्याचं धुकं सोडणाऱ्या पेटीत ठेवले होते. कुठल्या तुकड्यावर किती डाग पडले, ते मोजायचं होतं. सोमवारी बघते तर बाराही तुकडे लखलखीत!

"मामा, डाग कुठं गेले?"

"चिंच अन् राख लावून घासले. लई घाण झालतं!"

महिना पाण्यात! मलाही राग आला होता, पण मामांचा चेहरा इतका खूश, की बोलणार काय?

*

पुन्हा तुकडे लावले, तर मध्येच दसरा आला. मामांनी पेटीची पूजा केली आणि आतल्या प्रत्येक तुकड्यालाही हळदकुंकू वाहिलं!

"मामा, हे कावून केलं?" सुनंदा रडायच्या बेतात.

"आईला लावलं अन् लेकरांना न्हाई, बरं दिसतं का?"

तिसऱ्या वेळी तिने पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

*

उरलेला लेप मोरीत ओतायला मात्र मामांचं मन होत नसे. "एवढं उकळून काढलं, वाया कावून घालायचं?" म्हणत ते बाटली भरून घरी न्यायचे. कुंपणाच्या तारेला फासत असतील, असं आम्ही धरून चाललो.

*

शेवटी व्हायवाचा दिवस उगवला. बाहेरगावचे परीक्षक आले. आमच्या विभागात दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र उघडतात, तेही आमच्यातच जेवायला बसले. भाकरीबरोबर मामांच्या घरचं कैरीचं लोणचं त्यांनी दोनदा मागून घेतलं. मला जरा धीर आला.

व्हायवात मात्र त्यांनी सुनंदाला पकडलं. "पेटीतले आकडे ठीक आहेत. पण रोजच्या वापरात, मिठात, आंबटात हा लेप टिकतो का? आणि बिनविषारी आहे कशावरून?"

ती चाचणी झालीच नव्हती. मी टेबलाकडे बघत बसलो. चार वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत चालली होती.

दगडूमामा चहा घेऊन आले होते. त्यांनी ट्रे ठेवला, बाहेर गेले आणि ॲल्युमिनियमचा एक डबा आणून परीक्षकांसमोर उघडला.

"साहेब, साध्या डब्यात लोणचं ठिवलं तर महिन्यात भोकं पडत्यात. ह्याला आतून मॅडमचा लेप हाय. गेल्या उन्हाळ्यापून लोणचं ह्यातच मुरतंय. दुपारी तुमी खाल्लं, तेच!"

सुनंदाने डोळे मिटून घेतले.

परीक्षकांनी चमच्याने फोडी बाजूला सारल्या. मोबाइलचा टॉर्च लावून डब्याचा तळ बघितला, कडा बघितल्या. मग हात पुसले, फॉर्म ओढला आणि सही केली.

पेनाला टोपण लावत म्हणाले, "मामा, थोडं बांधून द्या. पण ह्याच डब्यात!"