गुन्ह्याचा रकाना

"बाई, या. तुमचा चोर सापडला."

लिपिकाने खुर्चीतूनच हाक मारली. जिल्ह्याच्या कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीच्या दारात आठ-दहा माणसं नकलांसाठी उभी होती. सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. एकजण हसला. माझा बा ऐंशीच्या घरातला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. जात फासेपारधी. बारा वर्षं नोकरी झाल्यावर पत्र आलं, जातीचा जुना पुरावा आणा, नाहीतर नोकरी सोडा. जुना म्हणजे इंग्रजांच्या वेळचा. लोक कोतवाल बुकातून पुरावा काढतात, त्यात गावातले जन्ममृत्यू लिहिलेले असतात. मी बाभुळगावला पाहिलं, नेरला पाहिलं. आमचं नाव कुठेच नाही. असणार कसं? आमची पालं गावाबाहेर. आमचं जन्मणं कोणी लिहिलं नाही, मरणं लिहिलं नाही. शेवटी एका शिपायाने कानात सांगितलं, तुमच्या लोकांची नावं पोलिसांच्या जुन्या रजिस्टरात पाहा.

बा यायला तयार नव्हता. त्याच्या बापाचं नाव आमच्या घरात निघत नसे. बा पोटात असताना आजा पळून गेला, दुसरी बायको केली, असं आजीने त्याला सांगितलं होतं. बाने तेच धरून ठेवलं. अखितीला पितरांना पाणी देताना आईच्या नावाने घागर भरायचा, बापाच्या नावाने कधीच नाही. मी विचारलं की म्हणायचा, "ज्यानं मले पाह्यलं नाही, त्याले कायले पाणी देऊ?" तरी माझ्या नोकरीसाठी आला.

लिपिक मोठ्याने वाचत होता. त्याला मजा वाटत होती. आजाचं नाव. जात फासेपारधी. ओळखीची खूण, डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. मी बाच्याकडे पाहिलं. त्याने हळूच चप्पल काढली. डाव्या पायाची जुळलेली दोन बोटं तो बघत राहिला. बापाचा फोटो नव्हता, बापाला पाहिलेला माणूस जिवंत नव्हता. उभ्या जन्मात बापाची अशी ही पहिलीच भेट, आणि ती पोलिसांच्या वहीत.

"गुन्हा," लिपिक म्हणाला आणि थांबला. दारातली माणसं पुढे सरकली. दरोडा, खून, असं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. तिथे लिहिलं होतं, हजेरीस गैरहजर. एवढंच. शिक्षा तीन महिने सक्तमजुरी.

बाने हात जोडले. "चुकलं साहेब त्याचं. अनाडी होता."

ज्या बापाला त्याने जन्मभर माफ केलं नाही, त्याच्यासाठी तो एका लिपिकाची माफी मागत होता. मी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले आणि रजिस्टर स्वतःकडे ओढलं. अक्षर सुरेख होतं. इंग्रजांनी आमची जातच गुन्हेगार ठरवली होती, म्हणून आमच्या माणसांना रोज पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे, एवढं मी ऐकून होते. आजा दोनदा चुकला, दोनदा आत गेला. तिसऱ्यांदा पुन्हा गैरहजर. कुठे गेला होता, आजारी होता की बायकोसाठी सुईण शोधत होता, याला रकानाच नव्हता. तिसऱ्या नोंदीपुढे शेरा होता, शिक्षा भोगताना तुरुंगात मयत. साल बाच्या जन्माचंच.

मी बाला वाचून दाखवलं. दोनदा दाखवलं. तो खाली फरशीवर बसला.

"मंग तो पयाला नव्हता, पोरी," तो म्हणाला. "अन् मी त्याले जनमभर शिव्या घातल्या."

कोणी हसलं नाही आता. लिपिकाचाही आवाज उतरला. तो जवळ येऊन मला समजावू लागला, तुम्ही नोकरीवाल्या बाई, हे कागद चार हातांतून फिरतात. नक्कल देताना गुन्ह्याचा रकाना झाकून देतो. नाव आणि जात दिसली म्हणजे झालं.

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. क्षणभर हायसं वाटलं. प्रशिक्षणाच्या वेळी माझी जात कळली तशी खोलीतल्या मुलींनी पेट्यांना कुलपं लावली होती. तेव्हापासून कोणी विचारलं तर नुसतं आदिवासी म्हणायचे आणि विषय बदलायचे. बारा वर्षं मी स्वतःच झाकत आले होते. खाली बा फरशीवर बसून पायाच्या बोटांवरून हात फिरवत होता.

"झाकू नका," मी म्हणाले. "पूर्ण पान द्या. गुन्ह्यासकट."

"म्याडम, तुमच्याच भल्याचं सांगून राह्यलो."

"ज्यांनी हा गुन्हा लिहिला त्यांनी लाजावं. पान द्या."

पान मिळालं. जसंच्या तसं मी पुराव्यात लावलं. नोकरी राहते की जाते, अजून कळलेलं नाही. बा जेवतो, बसतो, माझ्याशी पारधीत चार शब्द बोलतो. आजीने तसं का सांगितलं, हे एकदाच विचारलं त्याने. मी एवढंच म्हणाले, तिलाही कोणी काही कळवलं नसेल. आधी दोनदा सुटून आलेला नवरा तिसऱ्यांदा आला नाही, म्हणजे पळाला, असंच तिने धरलं असेल.

मीही रजिस्टर भरते. उपकेंद्रात जीव गेला तर आधी घरी सांगायचं, मग नोंद करायची. एकदा पूर आलेला नाला ओलांडून मी एका बाईच्या माहेरी सांगायला गेले होते. ज्यांनी आजाच्या पायाची बोटं मोजून लिहिली, त्यांना त्याचं पाल कुठे आहे हे चांगलं ठाऊक होतं. रोज तिथूनच तो हजेरीला जात होता.

परवा मी दुसरा अर्ज टाकला. त्यात नोकरीचा शब्द नाही, जातीचा नाही. दोनच प्रश्न आहेत. प्रेत कुठे पुरलं? आणि त्याच्या बायकोला का कळवलं नाही? आवक शिक्का मारणारा म्हणाला, इतक्या जुन्या गोष्टीचं आता कोण उत्तर देणार. मी म्हणाले, तेव्हाचं सरकार नसेल, पण कागद तुमच्याकडेच आहेत. अर्ज परत आला तर पुन्हा टाकीन. बा असेपर्यंत टाकीन, आणि तो गेल्यावरही टाकीन. मला लेखी उत्तर पाहिजे.