सहा ते सातच्या मधला तास

"सगळं ठीक आहे, अल्लाची कृपा" हे वाक्य कानावर पडलं की तोरिया मेस्बाहीच्या कपाळाची शीर उडायला लागायची. वाक्यात तसं वाईट काही नाही. पण गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता तिला चार्ज म्हणून एवढं एकच वाक्य मिळत आलं होतं. एवढ्या शिदोरीवर कुणी बारा तासांची ड्युटी काढून दाखवावी.

कासाब्लांकातल्या एका लहानशा कंपनीत ती इंजिनिअर होती. देशभरातल्या शीतगृहांवर लांबून नजर ठेवायची हे कंपनीचं काम. कुठे मासळी, कुठे लसी, कुठे दूध. एखादी टाकी तापायला लागली की यंत्र आपणहून ड्युटीवरच्या इंजिनिअरला फोन करायचं. त्याने दहा मिनिटांत तो उचलायचा, तिथल्या माणसाला गाठायचं आणि टाकी थंड होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. सकाळी सातपासून पाळी अन्वर गेस्सूसची, ऑफिसात बसून. संध्याकाळी सातनंतर तोरियाची, घरून.

अन्वर तिशीतला, हुशार आणि जिभेवर खडीसाखर ठेवून बोलणारा. सातच्या ठोक्याला त्याचा फोन यायचा, आणि सुरुवात 'लल्ला' म्हणजे 'बाईसाहेब' अशी अदबीनं व्हायची.

"लल्ला तोरिया, कशा आहात? आई कशी आहे? गुडघा काय म्हणतो त्यांचा? अब्देसलाम साहेब बरे? शाळेचा फार ताप नाही ना त्यांना?"

"सगळे बरे आहेत. चार्ज दे."

"सगळं ठीक आहे, अल्लाची कृपा. चला, येतो!"

पाच मिनिटं आईच्या गुडघ्याला नि नवऱ्याच्या शाळेला, आणि पाच सेकंद चार्जला. कुठली टाकी दुपारपासून कुरकुरते आहे, कुणाचा जनरेटर दुरुस्तीला गेलाय, हे तिला नंतर स्वतःच उकरून काढावं लागायचं. विचारलंच तर तो म्हणायचा, "अहो, वाईट बातमीनं सुरुवात करायची का माणसानं? शोभतं का ते?" सौजन्याला तोटा नव्हता, फक्त कामाची गोष्ट त्यात बुडून जायची.

तोरियाचे वडील बेनगरीरकडच्या एका आडस्टेशनावर सिग्नलमन होते. फॉस्फेटच्या मालगाड्या सोडून त्या स्टेशनावर दुसरं काही थांबत नसे. पुढच्या पाळीचा माणूस आला की वडील वही उघडून मोठ्यानं वाचायचे: अमुक गाडी निघाली, तमुक रुळावर काम चालू. ऐकणाऱ्याने शेवटी "घेतला" म्हणायचं, म्हणजे चार्ज घेतला. तो शब्द आल्याशिवाय वडील खुर्चीतून उठायचे नाहीत. एकदा एका मग्रूर पोरानं "माहितेय हो सगळं" म्हणून तो शब्द गिळला, तर वडील पाऊण तास तसेच बसून राहिले होते, आणि शेवटी पोरानंच हात टेकले. लहानपणी डबा घेऊन गेलेल्या तोरियानं ते पाहिलं होतं. कंपनीतही तिनं अशी वही सुरू केली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी लिहिलं, दुसऱ्यात तिनं एकटीनं, आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी त्या वहीवर चहाची किटली ठेवलेली तिला सापडली.

आता गेल्या वर्षीची गोष्ट, कारण सगळी चीड तिथूनच येते.

रमजान आला की या देशात घड्याळं एक तास मागे घेतात आणि ईदनंतर पुन्हा पुढे. सगळ्यांना त्याची सवय आहे. कंपनीच्या ड्युटीच्या तक्त्याला मात्र ती नव्हती. कॉम्प्युटरमधला तो तक्ता गेल्या वर्षी रमजानातही आपल्या जुन्याच चालीनं चालत राहिला. म्हणजे भिंतीवर संध्याकाळचे सहा वाजले की तक्त्यात सात वाजायचे, आणि फोन अन्वरकडून तोरियाकडे वळायचे. तोरिया आपली भिंतीवरच्या सातची वाट बघत बसलेली. सहा ते सात हा तास, ज्यात नेमका रोजा सुटतो, त्याचं पालकत्व कुणाकडेच नव्हतं.

आणि नेमक्या त्याच तासात बेनी मल्लालकडच्या एका दूध सोसायटीची टाकी तापली. फोन वाजला तो तोरियाच्या झोपायच्या खोलीत, चार्जिंगला लावलेला. ती बैठकीत, हातात रोजा सोडायच्या सूपचा, हरीराचा वाडगा, ड्युटी सुरू व्हायला अजून पंचवीस मिनिटं. चार हजार लिटर दूध नासलं. साठ बायकांच्या घरच्या गाईंचं दूध होतं ते.

अहवाल लिहिला सी मेक्कींनी, म्हणजे त्यांच्या विभागाच्या साहेबांनी; नावाआधीचा 'सी' म्हणजे श्रीयुत. तोरियाच्या फायलीत शेरा पडला: "ड्युटीवर असताना फोन उचलला नाही." तिनं हिशोब मांडून दाखवला, घड्याळ दाखवलं, भिंत दाखवली. सी मेक्की म्हणाले, "तक्ता खोटं बोलत नाही, तोरिया." पाळीप्रमुखाची जागा तिला मिळणार होती, ती त्या शेऱ्यापायी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त इथे चोर कॉम्प्युटरात बसला होता आणि त्याची किल्ली साहेबांच्या खिशात होती.

यंदा ती जागा पुन्हा निघाली. मुलाखती ईदनंतर. शेरा असलेल्या माणसाचा अर्जच घेत नाहीत. तोरियाचं वय चव्वेचाळीस. यापुढे अशी संधी येईल याची काही खात्री नव्हती. शेरा पुसला जायला हवा होता, आणि तो पुसायचा अधिकार ज्यांनी तो लिहिला त्यांनाच होता.

यंदा घड्याळं मागे गेली त्या रविवारी तिनं तक्ता उघडून पाहिला. येरे माझ्या मागल्या! तक्ता तासभर पुढेच. सोमवारी ती तडक ऑफिसात गेली.

"सी मेक्की, तक्त्याचं घड्याळ बदला. किल्ली तुमच्याकडेच आहे."

"बघू ना. ईद होऊ दे, इन्शाल्ला."

"ईदनंतर घड्याळं पुन्हा पुढे जातील. मग बदलून काय लोणचं घालायचंय?"

"अगं, मग तू एक तास आधी घे चार्ज. एवढं काय त्यात?"

"एवढं काय? तीस दिवस रोजा सोडताना मांडीवर फोन घेऊन बसू? तो तास अन्वरचा आहे."

अन्वर शेजारच्याच टेबलावर होता. त्यानं खुर्ची फिरवली. "लल्ला तोरिया, माझ्या डोक्यावर तुमचे उपकार आहेत, पण तक्त्यात सात वाजले की माझी पाळी संपली. मी काय तक्त्याच्या शब्दाबाहेर जाऊ?"

"मग भिंतीवरच्या सातला फोन करून चार्ज कसला देतोस?"

"तो आपला प्रेमाचा फोन."

तोरियाला हसावं की खुर्ची फेकावी कळेना. चार्ज द्यायला भिंतीवरचे सात, आणि घरी जायला व तिला शेरा द्यायला मात्र तक्त्यातले सात. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हा निव्वळ आळस नाही. तक्त्याचं घड्याळ आज दुरुस्त केलं तर गेल्या वर्षी ते चुकलं होतं हे आपोआप सिद्ध होतं, आणि मग अहवाल लिहिणाऱ्याचं काय? म्हणूनच साहेबांनी हे घोंगडं भिजत ठेवलं होतं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "सहा ते सात नाव कुणाचं घालू? एका तासापुरतं वेगळं नाव घालायची सोय आहे, तुमची संमती लागते."

"डोकं खाऊ नकोस, तोरिया! घाल कुणाचंही. माझं घाल हवं तर!"

"अन्वर, ऐकलंस?"

"ऐकलं," अन्वर म्हणाला. तो हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली.

तोरियानं तिथेच बसून नाव घातलं. सी मेक्की बेन्नूना, रोज, रमजान संपेपर्यंत. गेल्या वर्षीच्या नासाडीनंतर एक सुधारणा मात्र झाली होती: पहिला फोन दहा मिनिटांत उचलला नाही तर यंत्र दुसऱ्या नंबरला फोन करायचं. दुसरा नंबर तिनं स्वतःचा घातला. दुधावर सूड उगवायचा नव्हता तिला.

दहा दिवस काहीच झालं नाही. रोज सातला अन्वर गुडघ्याची चौकशी करायचा आणि सगळं ठीक असायचं.

अकराव्या दिवशी सहा अडतीसला बांग झाली. अब्देसलामनं तिच्यापुढे खजूर सरकवले. हरीराचे दोन चमचे पोटात गेले असतील नसतील, सहा अठ्ठेचाळीसला तिचा फोन वाजला. नाव न वाचताच तिला कळलं. पहिला फोन दहा मिनिटांपूर्वी कुठेतरी वाजून गेला होता आणि तो कुणी उचलला नव्हता.

"जेवण तरी कर गं," अब्देसलाम म्हणाला.

"दूध थांबतं का?"

टाकी तीच. तीच सोसायटी, तेच दूध, पुन्हा रोजा सुटायचीच वेळ. इतका संताप तिला गेल्या वर्षीही आला नव्हता. तिनं सोसायटीचा राखणदार बा हम्मू याला फोन लावला.

"बा हम्मू, कॉम्प्रेसर बंद पडलाय. दुसरी मोटर चालू करा."

"पोरी, तोंडात खजूर आहे माझ्या. नुकतीच बांग झाली."

"खजूर गिळा आणि पळा!"

"बी आहे त्याला."

"बी थुंका, बा हम्मू, पण पळा!"

म्हातारा पळाला. फोन कानाला लावूनच पळाला, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मोटर घरघरली. टाकीचा आकडा एका जागी थांबला आणि मग हळूहळू उतरायला लागला. दूध वाचलं. हरीरावर साय धरली होती.

सातच्या ठोक्याला अन्वरचा फोन आला.

"लल्ला तोरिया, कशा आहात? आईचा गुडघा?"

"अन्वर, चार्ज."

"सगळं ठीक आहे, अल्लाची..."

"काय ठीक आहे?" ती इतक्या जोरात ओरडली की अब्देसलामच्या हातातली शबाकिया मिठाई खाली पडली. "बेनी मल्लालची टाकी काय ठीक आहे? दुपारी काही दिसलं होतं का तुला?"

तो हळूच म्हणाला, "तीनदा तापली होती. आपोआप खाली आली, म्हणून म्हटलं..."

"म्हणून म्हटलं वाईट बातमी कशाला." तिनं फोन ठेवून दिला. रडू आलं नाही, पण यायला हवं होतं असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ऑफिसात पोचली. सी मेक्की अहवालाचा कागद पुढे घेऊन बसले होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता. रकाने सगळे छापील: पहिला फोन कुणाला, उचलला का, नसल्यास कारण. हा कागद वर संचालकांकडे जायचा होता, त्यामुळे कोरा ठेवून चालणार नव्हता.

"तू खरंच माझं नाव घातलंस!"

"तुम्ही सांगितलंत. अन्वर साक्षीला आहे."

अन्वरनं मान खाली घालून होकार भरला. त्या दिवशी त्याच्याकडे कुणाच्याच गुडघ्याची चौकशी नव्हती.

"मी मशिदीत होतो, तोरिया. नमाजात फोन बंद नाही ठेवायचा तर काय करायचं? सहा अडतीस म्हणजे... मी ड्युटीवर आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं."

"गेल्या वर्षी माझ्याही नव्हतं."

सी मेक्कींनी लिहायला घेतलं, आणि लिहिताना स्वतःशीच पुटपुटले, तसं तिला ऐकू आलं: "तक्त्याची वेळ व भिंतीवरची वेळ यांत एक तासाचा फरक असल्याने फोन उचलला गेला नाही. यात कोणाही व्यक्तीचा दोष नाही." सही केली, कागद बाजूला सारला. मग किल्ली घालून तक्त्याचं घड्याळ दुरुस्त केलं. तोरिया भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. चार मिनिटं लागली. एका वर्षाचं भिजत घोंगडं चार मिनिटांत वाळलं.

"झालं तुझ्या मनासारखं?"

तिनं पिशवीतून गेल्या वर्षीच्या अहवालाची प्रत काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. वर बोट ठेवून दाखवलं: ड्युटीवर असताना फोन उचलला नाही.

"हेच वाक्य इथे लिहा, सी मेक्की. शेरा रद्द."

"तो कागद जुना झाला. ईदनंतर बघू, इन्शाल्ला."

तोरियानं समोरची खुर्ची ओढली आणि बसली. पिशवी मांडीवर घेतली. साहेबांनी फोन पाहिला, कागद इकडचे तिकडे केले, अन्वरला उगाच काहीतरी विचारलं. ती बसूनच. अकरा वाजले, साडेअकरा. पाऊण तासानं सी मेक्कींनी पेन उघडलं.

त्यांनी शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली तेच वाक्य तिच्या नावानिशी लिहिलं. तारीख घातली, मग वेळेच्या रकान्याशी थबकले. गेल्या वर्षी त्यांनी तिथे तक्त्याची वेळ लिहिली होती.

"इथे कुठली वेळ लिहू? तक्त्याची की भिंतीवरची?"

"आजपासून एकच आहे," ती म्हणाली. "लिहा आणि मोठ्यानं वाचा."

"आता वाचायचं कशाला?"

तिनं पिशवी पुन्हा मांडीवर नीट घेतली. सी मेक्कींनी चष्मा लावला आणि वाचलं. "...यात तोरिया मेस्बाही यांचा" इथवर आल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला. मग "दोष नाही" म्हणून वाक्य पुरं केलं.

"घेतला," तोरिया म्हणाली, आणि खुर्चीतून उठली.