शिंगं पुरणारे किसनराव

किसनराव कांबळे बादलीत पाणी ढवळत असले की कुणाशी बोलत नसत. बरोबर एक तास. काठी आधी एका अंगाला फिरवायची, पाण्यात खोल भोवरा पडला की एकदम उलट्या अंगाला. डोळे भोवऱ्यावर, ओठ घट्ट मिटलेले. औशाजवळच्या त्यांच्या द्राक्षमळ्यात मी हे पहिल्यांदा पाहिलं. कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेला माणूस मी, तरी बांधावरून पाऊल पुढे पडेना. तास संपल्यावर ते हसले. "या अप्पा. भ्यालाव काय? शेणाचं पाणी हाय, भूत न्हाई."

उमेदीची वर्षं त्यांनी नाशिककडे एका वाइनरीत काढली होती. तिथेच ते ही बायोडायनॅमिक शेती शिकले. व्यालेल्या गाईचं शिंग ताज्या शेणानं भरायचं, दसऱ्याच्या सुमारास पुरायचं, गुढीपाडव्याच्या आसपास उकरायचं. आत शेण उरत नाही, काळी भुसभुशीत माती होते. तिला ओल्या रानाचा वास असतो. तीच पाण्यात ढवळून मळ्यावर शिंपडायची. छाटणी चंद्र पाहून. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पंचांग टांगलेलं असे, त्यावरून त्यांचेच पाहुणे टोमणे मारत. "मी चंद्र बघून राहिलो, मुहूर्त न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शिंगांचं मात्र त्यांना बोचत असे. "बापानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं ते सोडलंच. अन् मी शिंगं मागत फिरून राहिलो. बाप असता तर ह्याच काठीनं हाणलं असतं मला."

द्राक्षं वाइनरीला जात, पण चव कळावी म्हणून थोडा रस ते घरी काचेच्या बरणीत आंबवत. बरणीला कान लावून म्हणत, "ऐका अप्पा, बोलाय लागलंय." मी लिंगायताच्या घरचा, गळ्यात लिंग. तरी कान लावला. आत बारीक बुडबुडे फुटत होते. एक घोटही घेतला, आणि घरी जाताना वाटेत दोनदा चूळ भरली. कुणी पाहिलं तर, ही धास्ती मला जन्मभर होती. पुढच्या दसऱ्याला मी त्यांच्यासोबत खड्ड्याशी बसलो आणि चाळीस शिंगांपैकी निम्मी माझ्या हातानं भरून पुरली. तेही लपूनच.

त्याच हिवाळ्यात गावातल्या जनावरांत लम्पीची साथ आली. वासरं मरू लागली. एका कुत्र्यानं मळ्यातलं एक शिंग उकरून गावात आणलं, त्यातून काळं काहीतरी सांडत होतं. बादली ढवळताना किसनरावांना बऱ्याच जणांनी पाहिलेलं होतं. आमच्याकडे भानामती हा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्या सकाळी तो कानोकानी फिरला, आणि दहाच्या सुमारास साठ-सत्तर माणसं फावडी घेऊन मळ्यात शिरली. मीही त्यांच्यात होतो.

एकेक शिंग बाहेर येत गेलं तशी माणसं मागे सरत गेली. किसनराव ओरडून सांगत होते, "खत हाय हे, खत! अप्पाला विचारा, त्यांना कळतंय शेतीतलं."

सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी म्हणालं, "बोला की अप्पा. सरकारी माणूस हाव तुम्ही. हे असलं शेतीत ऱ्हातंय का?"

मग मी म्हणालो, "मी तर कधी पाहिलं न्हाई."

"संगं कोण होतं रे तुझ्या?" दुसऱ्यानं किसनरावांना दरडावलं.

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"कोण न्हाई," ते म्हणाले. "मी एकलाच."

त्यांना कुणी हात लावला नाही. हात लावायलाही लोक भीत होते. वेली मात्र कोयत्यानं बुडापासून तोडल्या. आठवड्यात ते नांदेडला, विष्णुपुरीला लेकीकडे निघून गेले.

तिथे मी एकदाच गेलो. ते वाळले होते. मी रडायला लागलो तसे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुम्हाला त्याच गावात दिवस काढायचे होते. पण एकदा सांगा गावाला, किसननं करणी केली न्हाई." मी "हाव" म्हणालो. परत आलो आणि गप्प बसलो. दोन वर्षं. पारावर विषय निघाला की उठून घरी जायचो.

ते वारल्यावर सुजाताचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. बापाची राख मळ्यात पुरून तिला वर झाड लावायचं होतं. गाव येऊ देत नव्हतं, त्याची राख नको म्हणत होतं. "काका, तुमचं ऐकतील. एकदा बोला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पारावर गेलो. सांगितलं. ते खत होतं. मला ठाऊक होतं. त्यातली निम्मी शिंगं मी या हातांनी भरली होती. किसनरावांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी खोटं बोललो. सुजाताला राख आणू द्या.

माझ्या शेजारी बसलेला माझा चुलतभाऊ सावकाश उठला, धोतराचा सोगा माझ्या अंगाला लागू नये म्हणून आवरून धरला, आणि पाराच्या पलीकडच्या कडेला जाऊन बसला.