कमरेतला हात

"तुमच्यात तर लग्नाआधीच संसार असतो. मग लाजतेस कशाला गं?"

सर हे माझ्या कानात बोलले. भर मैदानात. त्यांचा हात माझ्या कमरेत, आणि तिथून खाली सरकत चाललेला. समोर खुर्च्यांवर पाहुणे, गळ्यात हार, हातात मोबाईल. शूटिंग चालू.

नोटाबंदीच्या हिवाळ्यातली गोष्ट. डहाणूच्या आमच्या कॉलेजचं गॅदरिंग. मी दुसऱ्या वर्षाला, तलासरीकडच्या आदिवासी पाड्यावरून आलेली, हॉस्टेलवर राहणारी. वर्षभर आमच्या बोलण्याला हसणाऱ्यांना गॅदरिंगला मात्र आमचा तारपानाच लागतो. पोरींनी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसायचं, अनवाणी नाचायचं, पाहुणे खूश. त्या वर्षी तारपा, आमचा भोपळ्याचा लांब पावा, वाजवायला माझ्या बापालाच बोलावलं होतं.

या नाचात सगळे एकमेकांच्या कमरेत हात गुंफतात. पण टोकाला ज्याच्या हातात घुंगरांची काठी, त्याच्यापुढे रांगेत कोणी लागत नाही. शेंबडं पोरही हे जाणतं. त्या दिवशी काठी माझ्याकडे होती. सर हसत आले आणि माझ्यापुढेच लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हा हात मला नवा नव्हता. प्रयोगशाळेत तो पाठीमागून यायचा. तक्रार समितीच्या मॅडमना मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "सरांचा स्वभावच मोकळा आहे. तू लक्ष देऊ नकोस." मी गिळलं होतं.

आणि तो संसार! हो, माझ्या आईबाचं लग्न मी चालायला लागल्यावर झालं. त्या लग्नात मी अंगणभर नाचले. पण आईने हो म्हटलं तेव्हाच तिने बाच्या घरात पाय टाकला. एवढ्या शिकलेल्या माणसाला ते 'हो' तेवढं दिसलं नाही.

माझं डोकं सणकलं. तारपा वाजत असताना रांग तोडायची नसते. मी तोडली. काठी फिरवली. पहिला फटका मनगटावर. घुंगरं वाजली, हाडही वाजलं. दुसरा तोंडावर. चष्मा मातीत. सर गुडघ्यावर आले, नाकातून रक्त. मला आणखी मारायचं होतं. खोटं कशाला बोलू? तो हात मला कायमचा कामातून घालवायचा होता.

तारपा थांबला. कोणीतरी ओरडलं, "जंगली आहेत साले!" दोन शिपायांनी माझे दंड पिरगाळले. बाने तारपा खाली ठेवला, शिपायांना ढकलून दिलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बेस केलास, पोरी."

आठवड्याने समिती बसली. सरांच्या हातावर नाही, माझ्या काठीवर. सर प्लास्टर घालून मॅडमच्या शेजारीच बसलेले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या नाचात कमरेत हात घालतातच ना? मग सरांनी वेगळं काय केलं? माफी माग, विषय संपवू. नाहीतर कॉलेज सोडावं लागेल."

आमच्या पाड्यावरून कॉलेजात आलेली मी पहिली पोरगी.

तरी उठले. मॅडमना म्हणाले, "उभ्या राहा, दाखवते." त्यांचा हात माझ्या कमरेत घातला. "हा नाच." मग तोच हात धरून खाली नेला, सर नेत होते तिथे. मॅडमनी चटका बसल्यासारखा हात मागे ओढला.

"तुम्हांला नुसता ठेववत नाही," मी म्हणाले. "मला तो अंगावर सोसावा लागला. माफी मागणार नाही. तक्रार घेता की पोलिसात जाऊ?"

मॅडमनी समोरची फाइल मिटली. मी आणि दाराबाहेर थांबलेला बा तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो.

केस अजून चालू आहे. सर दुसऱ्या कॉलेजात शिकवतात. मी भांडून डिग्री घेतली. दर जूनला हॉस्टेलच्या दारात उभी राहते. नव्या पोरींना सांगते, समिती कुठे बसते, तक्रार कशी द्यायची. पोच हातात पडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. एकटीने जायचं नाही, मी बरोबर येते.

"आणि तरी कोणी ऐकलं नाही तर?" पोरी विचारतात.

काठी घरी दाराशीच उभी आहे. घुंगरं तुटली होती, ती नवी बांधून घेतलीत.