जिन्याखालचं साहित्य मंडळ

आमच्या पिंपरीच्या कॉलनीत साहित्याला एकच अट होती : आवाज करायचा नाही.

कारण कॉलनी कंपनीची, कंपनी तीन पाळ्यांची, आणि आमच्या बिल्डिंगमधले झाडून सगळे नवरे आलटूनपालटून रात्री मशीनवर आणि दिवसा पलंगावर. थेरगावहून येणारी भाजीवाली फाटकाशीच आरोळी गिळायची आणि भाव बोटांनी सांगायची. पोरं मुक्यानं भांडायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्याच्यावर झडप घालणं ही विद्या नव्या सुनेला मंगळसूत्रासोबतच मिळायची. आणि अशा ठिकाणी मला लेखिका व्हायचं होतं!

दुपारी आम्ही बायका तांदूळ निवडायला जिन्याखाली बसायचो. मुख्य आम्ही तिघी. मी, तळमजल्यावरच्या इंदूताई कांबळे आणि समोरची शकू. इंदूताई मॅट्रिक झालेल्या, त्यांचे यजमान पेंट शॉपमध्ये. शकू कुरुळीची, तिचे बबनराव फाउंड्रीत. एकदा धीर करून मी माझी गोष्ट तिथं वाचली. अर्थात कुजबुजत. नायिका खिडकीत उभी राहून पानभर उसासे टाकत होती. (मला वाटायचं, उसाशांशिवाय कथा छापतच नाहीत.)

"थांब की वैनी," शकू म्हणाली. "ह्या बाईनं सकाळधरनं काय खाल्लंच न्हाई. आदी तिला भाकर खाऊ दे, मग काय रडायचं ते रडू दे."

"आणि ती खिडकीत उभी आहे तेवढ्यात नळ गेला असेल हो," इंदूताई म्हणाल्या. "पाणी भरलं का तिनं?"

मला इतका राग आला की मी दोन दिवस तांदूळ न निवडताच शिजवले. मग मुकाट्यानं नायिकेला भाकरी दिली, पाणी भरायला लावलं, आणि काय सांगू, बाई एकदम जिवंत झाली! तेव्हापासून रोज दुपारी आमचं मंडळ भरायला लागलं. हसू आलं तर पदराचा बोळा तोंडात कोंबायचा, असा नियम. शकूचे खांदे हलले की विनोद बरा, सुपातले तांदूळ सांडले की उत्तम. नंतर मी पुष्कळ समीक्षक वाचले, पण त्या दोघींच्या तोडीचा एकही नाही. हे मी चेष्टेनं म्हणत नाहीये.

तिथंच 'झोपलेला माणूस' ही गोष्ट तयार झाली. नवरा कायम झोपलेला, म्हणून बायको सगळी भांडणं झोपलेल्या नवऱ्याशीच करते. एक दिवस तो उठून उत्तर देतो, तर ती दचकून विचारते, "अगंबाई, तुम्ही कोण?" यात शकूनं आपल्या घरातला माल दिला : "आमचं मालक झोपंत इचारत्यात, भोंगा झाला का? न्हाई म्हटलं, की परत घोरायला मोकळं." इंदूताईंनी कांबळ्यांचा डोळ्यांवर बांधायचा ओला पंचा दिला. मी आमचं निळं ब्लँकेट दिलं. उगाच कोणाला लागायला नको म्हणून तिन्ही नवऱ्यांचा मिळून एकच नवरा केला. किती हुशार मी!

घात केला तो ह्यांच्या कौतुकानं. आमचे हे टूलरूमला. माझी एक ओळ कधी वाचलेली नाही, पण कॅंटीनमध्ये "आमची मिसेस लिहिते" हे सांगायची मोठी हौस. एक दिवस फुशारून घरी आले.

"अगं, गणपतीत तुझं कथाकथन! मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, नवोदितांना प्रोत्साहन द्यायलाच हवं. आपला तर फुल सपोर्ट!"

"अहो, पण ती जिन्याखालची गोष्ट आहे."

"म्हणून तर स्टेजवर आणायची!"

"आधी एकदा वाचून तरी बघा."

"मी कशाला वाचू? माझा विश्वास आहे तुझ्यावर!"

असा विश्वास वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये.

मांडव भरला होता. पहिल्या रांगेत हे, शेजारी खास आमंत्रण दिलेले ह्यांचे फोरमन. डाव्या बाजूला सतरंजीवर बायका, त्यांत पुढेच शकू आणि इंदूताई. मी सुरुवात केली आणि लक्षात आलं की मला मोठ्यानं वाचताच येत नाही! गोष्ट घशातून कुजबुजतच बाहेर पडायला लागली. "आवाज, आवाज!" सेक्रेटरी ओरडले. माईकवाल्यानं बटण शेवटपर्यंत पिळलं. झालं! माझी कुजबूज आख्ख्या कॉलनीवर घुमायला लागली, प्रत्येकाच्या कानाला लागून चहाडी सांगावी तशी.

ओल्या पंच्यावर पुरुष खदखदून हसले. ज्यानं त्यानं कांबळ्यांना कोपर मारलं. "भोंगा झाला का?" आलं आणि निम्मी रांग गपकन थांबली. आता मला काय माहीत, कॉलनीतले निम्मे नवरे झोपेत तेच विचारतात! मग निळं ब्लँकेट आलं. कंपनीनं दिवाळीला सगळ्या कामगारांना तेच निळं ब्लँकेट वाटलं होतं. (हे मला माहीत होतं. पण लिहिताना डोळ्यांसमोर आमचंच होतं, कोपऱ्यात इस्त्रीनं जळलेलं.) ज्याला त्याला ते आपलंच वाटलं. फोरमननी सावकाश मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं.

आणि बायका? त्या सवयीनं पदराचे बोळे कोंबून, डोळ्यांतून पाणी गाळत गदगदा हलत होत्या. ते बघून सेक्रेटरी गहिवरले. माईक ओढून म्हणाले, "बघा, बघा! माताभगिनींना अश्रू अनावर झाले आहेत!"

आणि शकूचा बोळा सुटला. कित्येक दुपारींचं दाबलेलं हसू एकदम बाहेर आलं. आमच्या कॉलनीत एवढ्या मोठ्यानं कोणी हसलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. बबनराव उभे राहिले, तिच्याकडे बघून "चल घरी" एवढंच म्हणाले, आणि ती खाली मान घालून गेली.

मला मंडळानं उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सूप घेऊन जिन्याखाली बसले. कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शकू नळावर भेटली, कळशीकडे बघत म्हणाली, "वैनी, गोष्ट झ्याक हुती. पर आता आमी न्हाई येत. घरातलं भोंग्यावर गेलं म्हनत्यात."

इंदूताईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. "टाळ्या तुम्हाला आणि चुगलखोर आम्ही," त्या म्हणाल्या. "असू दे. एकीचं तरी नाव झालं."

खरं तर टाळ्याही पडल्या नव्हत्या. पण ते सांगायचा धीर झाला नाही. नवोदितांना प्रोत्साहन देणाऱ्या मंडळानं नवोदितेचं होतं नव्हतं ते प्रोत्साहन एका संध्याकाळीत संपवलं, आणि अहवालात 'कार्यक्रम यशस्वी' लिहून मोकळं झालं! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी हातगाडीवरून टेबल घेऊन आले. कंपनीत मशीनं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्यांचं, स्वतः रंधा मारून केलेलं. वरच्या फळीवर 'ही बाजू वर' सांगणारा बाण अजून तसाच, भिंतीकडे रोखलेला.

"आता इथं एकटीनं शांतपणे लिही," हे प्रेमानं म्हणाले. "त्या बायकांची कटकट नाही."

पुढं ह्यांना जनरल शिफ्ट मिळाली. शकूनं कुरुळीला घर बांधलं, इंदूताईही कॉलनी सोडून गेल्या. दिवसभर घर रिकामं, टेबलावर उत्तम उजेड, मोठ्यानं वाचायची पूर्ण मुभा. मी लिहायला बसले आणि माझी नायिका पुन्हा खिडकीत जाऊन उसासे टाकायला लागली. पानंच्या पानं! मला कळत होतं की ती उपाशी आहे, नळ जाऊन तास झालाय, पण माझ्या एकटीच्या सांगण्यानं ती हलेना. मासिकं तिला साभार परत पाठवत राहिली. शेवटी मी त्या टेबलावर तांदूळ निवडायला लागले.

तरी अधूनमधून एखादी गोष्ट होते. मग रविवारी दुपारी मी ह्यांना ती वाचून दाखवते. हे भक्तिभावानं समोर बसतात, पान उलटायच्या आत आडवे होतात आणि त्याच निळ्या ब्लँकेटखाली घोरायला लागतात. मी लगेच आवाज उतरवते आणि उरलेली गोष्ट कुजबुजत संपवते. झोपमोड होईल म्हणून नाही हो, जागे झाले तर "छान आहे" म्हणतील म्हणून!