अर्धा इंच उतरता खांदा

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी पहिली कादंबरी मापांच्या वहीतच, मागच्या पानांवर लिहिली. माप देताना बायका मन मोकळं करायच्या, त्या गेल्या की ताई तेच उतरवून काढायच्या. नायिकेचं नाव बदललं, गाव बदललं, पण अर्धा इंच उतरता डावा खांदा सवयीने तसाच राहिला.

आज त्याच खांद्याची बाई छापून आलेलं ते पुस्तक घेऊन दुकानात आली. बाईने पुस्तक मशीनवर ठेवलं आणि ती माप द्यायला उभी राहिली. ताईंनी टेप उचलली.

"नव्या लेखकांना काय सल्ला द्याल, लेखिकाबाई?"

ताईंनी टेप तिच्या डाव्या खांद्याला लावली.

"मग मीच देते. दुसऱ्याचं आयुष्य उचललंत, तर शेवटही त्यालाच विचारा. तुमची नायिका नवऱ्याकडे परत जाते. मी गेले नाही."