मागच्या गॅलरीतलं गाणं

दादाचा फोन आला तेव्हा मी सिन्नरच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट बघत होते. "निघाली असशील तर ये… घाई करू नकोस," एवढंच तो म्हणाला. मला काय ते कळलं. सुमनवहिनी गेली. रडू आलं नाही, आधी बाकावर बसावंसं वाटलं. उन्हाळाभर सिन्नर-नाशिक, नाशिक-सिन्नर करून मी इतकी शिणले होते की रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

माझ्या भावाचं घर म्हणजे गाण्याचं घर. बँकेतून आला की बूट काढायच्या आधी हा टेप लावणार. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल, पण गाणारे तेच, तीन-चार बुवा आणि एक बाई. वहिनीने जन्मभर ते सगळे पोळ्या लाटता लाटता ऐकले. कधी ब्र काढला नाही, की कधी दादही दिली नाही. "गाढवापुढे वाचली गीता," दादा पाहुण्यांसमोर म्हणायचा, आणि सगळ्यांत आधी हसायची ती वहिनीच. मला मात्र राग यायचा, तिच्या हसण्याचासुद्धा.

त्यांच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत लग्नाच्या बँडचं दुकान आहे. तिथले अशोकभाऊ रोज चारच्या सुमारास क्लॅरिनेटचा सराव करतात. सिनेमातली गाणी, वरातीच्या चाली, मध्येच अडकायचं, पुन्हा पहिल्यापासून. दादाच्या लेखी तो निव्वळ छळ. नोकरीत होता तोवर त्या वेळी तो घरीच नसायचा, निवृत्त झाल्यावर खिडकी लावून घेऊ लागला. वहिनी अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र तो स्वतः खाली गेला आणि हात जोडून सांगून आला, घरात आजारी माणूस आहे, थोडे दिवस बंद ठेवा. अशोकभाऊंनी लगेच ऐकलं. मग दादाने वहिनीच्या उशाशी मोबाइल ठेवून आपले बुवा लावले, हळू आवाजात, दिवसभर. त्याच्यापाशी जे सगळ्यात चांगलं होतं, ते त्याने तिला दिलं.

एका दुपारी तो औषधं आणायला गेला आणि वहिनीने मला मोबाइल बंद करायला सांगितलं. "वन्सं, आज पण अशोकभाऊ वाजवत नाहीत का हो?" मी कारण सांगितलं. तिने मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाली, "दुपारची मागच्या गॅलरीत वेताच्या मोढ्यावर बसून तेच तर ऐकत आले मी… ते चुकले की वाटायचं, उद्या येईल त्यांना." आणि लगेच, "ह्यांना नका सांगू. वाईट वाटेल. जन्मभर एवढं ऐकवलं मला."

मी सांगितलं. लपवाछपवी करायचं वय राहिलं नाही माझं. दादा औषधांची पिशवी हातात घेऊन तसाच जिना उतरून गेला. मी गॅलरीतून बघत होते. अशोकभाऊंना वाटलं, पुन्हा तक्रार. "बंदच हे ना साहेब," ते म्हणाले.

"वाजवा," दादा म्हणाला. "ती वाट बघतेय."

त्यानंतर वहिनीला जेमतेम आठवडा मिळाला. चार वाजले की दादा तिचा पलंग गॅलरीच्या दाराशी सरकवायचा, मी असले की मीही हात लावायचे. ती डोळे मिटून पडायची, खाली गाणं अडकलं की ओठांच्या कोपऱ्यात हसायची. दादाचं गाण्याकडे लक्षच नसायचं, तो तिच्याकडे बघत बसायचा.

सुतकात अशोकभाऊंनी वाजवलं नाही. तेरावा झाला, पाहुणे पांगले… मी राहिले. दुपारी बघते तर दादा मागच्या गॅलरीत, वहिनीच्या मोढ्यावर. मी मेथीची जुडी घेऊन शेजारी जमिनीवर बसले. चार वाजून गेले आणि खाली सुरू झालं. दोन ओळी नीट, तिसरीला अडकलं. दादाच्या कपाळाला आठी पडली. "अजून बेसूरच आहे," तो म्हणाला. उठला मात्र नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "ती इथे बसून काय करायची गं?"

"भाजी निवडायची."

त्याने हात पुढे केला. "दे इकडे."